चौदा पौंडांची बिअर

बर्टन-अपॉन-ट्रेंटमधल्या औषधांच्या दुकानात १९७६ साली मी काउंटरवर उभी राहिले, तेव्हा माझ्या पाठीमागच्या फळीवर खोकल्याची औषधं होती, समोर बाळांच्या दुधाचे डबे होते आणि त्यांच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, बिअरचे डबे होते. तयार बिअर नव्हे. आत काकवीसारखा दाट, हॉप्सने कडवट केलेला माल्टचा अर्क, झाकणाखाली यीस्टची पुडी आणि वेष्टनावर चार ओळी: अर्क गरम पाण्यात विरघळवा, दोन पौंड साखर घाला, चाळीस पाइंट होईपर्यंत पाणी घाला, कोमट झाल्यावर यीस्ट टाका. मी सांगलीची. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता, प्यायला परमिट लागायचं आणि घरी दारू करणारा माणूस फक्त धाडीच्या बातमीत भेटायचा. इथे वयस्क गृहस्थ खोकल्याच्या बाटलीसोबत तो डबा त्याच पिशवीत घालून नेत होते.

हे डबे औषधांच्या दुकानात कसे, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. माल्टचा अर्क हे इंग्लंडात मुलांचं टॉनिक होतं. कॉड माशाच्या यकृताचं तेल त्यात कालवून आया रोज चमचाभर भरवत. बिनतेलाचा अर्कही केमिस्टकडेच मिळे आणि घरी बिअर करू पाहणारी माणसं त्याच बरण्या नेत. तेलाची बरणी चुकून गेली तर अख्खी खेप वाया, म्हणून दुकानातल्या जुन्या बाई विकताना लेबल दोनदा वाचायच्या. १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरलाही परवान्याच्या कक्षेत आणलं होतं. एप्रिल १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. विकायची नाही, एवढंच बंधन उरलं. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचं घरगुती बिअरवरचं पुस्तक आलं, १९७४ मध्ये डेव्ह लाइन यांचं ‘बिग बुक ऑफ ब्रुइंग’. मी रुजू झाले तोवर डबे आठवड्याला दोन खोकी खपत होते.

डबा हातात घेऊन लोक एकच विचारत: किती कडक होईल? वेष्टनावर ‘सुमारे चार टक्के’ छापलेलं असे. त्या ‘सुमारे’वर माझं बोट थांबायचं. डब्यात चार पौंड अर्क आहे, हे कारखान्याला ठाऊक. पण पाणी किती पडणार, साखर दोन पौंड पडणार की अंदाजाने ओतली जाणार, यीस्ट काम पुरं करणार की थंडीत मध्येच झोपणार, हे सगळं घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात ठरणार होतं. शेजारच्या फळीवर द्रवाची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर होता, नळीच्या खोक्यासकट. तो घेणारे मात्र थोडे.

मला त्या काचेच्या नळीची ओळख करून द्यावी लागली नाही. आमच्या घरी सकाळी दूध घेताना आई लॅक्टोमीटर सोडायची. दुधात पाणी असलं की तो जास्त बुडे आणि दूधवाला मान खाली घाले. अण्णा, माझे वडील, सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. गाळप हंगामात शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची. उंच पात्रात उसाचा रस, त्यात सोडलेला ब्रिक्सचा स्पिंडल, आणि तो स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसलेले अण्णा. १९ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात एकोणीस ग्रॅम विरघळलेला घनभाग, बहुतेक साखर. अण्णा बोटांनी स्पिंडलला हलकी गिरकी द्यायचे, म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते चिकटून राहिले तर नळीला वर उचलतात आणि रस आहे त्यापेक्षा गोड दिसतो. ही गिरकी मी पुढे बर्टनच्या काउंटरवर किती जणांना शिकवली, मोजलेलं नाही.

भारतातली माझी बी.फार्म. तिथे थेट चालत नव्हती, म्हणून सुरुवातीची वर्षं मी मदतनीस होते. त्या वर्षांत एक गृहस्थ यायचे. तीस वर्षं एका ब्रुअरीच्या फर्मेंटिंग रूममध्ये काम करून निवृत्त झालेले, उंच, हाताची नखं नेहमी स्वच्छ. तिकडच्या रीतीप्रमाणे मला ‘डक’ म्हणत. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हायड्रोमीटर खोक्यातून काढला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, “यावर पौंड कुठे आहेत?”

मला कळेना. नळीवर १०००, १०१०, १०२० असे आकडे होते. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि औषधाच्या लेबलमागे लिहिलं. एक बॅरल म्हणजे ३६ गॅलन. एक गॅलन पाणी दहा पौंड, म्हणून बॅरलभर पाणी ३६० पौंड. तोच बॅरल वर्टने, म्हणजे माल्टच्या गोड काढ्याने, भरला आणि ३७४ पौंड भरला, तर ती ‘चौदा पौंडांची’ बिअर. चौदा भागिले ३६०, म्हणजे पाण्याहून हजारी ३९ जड. म्हणजे नळीवर १०३९, आमच्या डब्याची होते तेवढीच.

त्या रात्री मी अण्णांना एरोग्राम लिहिला. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. कडेला बारीक अक्षरात त्यांनी आकडेमोड केली होती: १०३९ विशिष्ट गुरुत्व म्हणजे ९.८ ब्रिक्स. खाली एक ओळ होती, की हे लोक साखर किती आहे हे एका परिमाणात का मोजत नाहीत. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण वर्टच्या घनतेबद्दल ते मला पुढे अनेक वर्षं लिहीत राहिले.

परिमाणं वेगळी असण्याला कारण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात पैसा आणि अधिकार कुणाच्या हातात होता हे दिसतं. मध्य युरोपात प्रागच्या कार्ल बॅलिंग यांनी १८४३ मध्ये साखरेच्या द्रावणांचा तक्ता केला. अडॉल्फ ब्रिक्स यांनी तो सुधारला, १९०० मध्ये फ्रिट्झ प्लेटो यांनी पुन्हा तपासला. तिघांनीही वजनाने साखरेची टक्केवारी मोजली; फरक बारीक दशांशांचा. साखर कारखान्यांनी ब्रिक्स उचलला, तिकडच्या ब्रुअरीजनी बॅलिंग आणि प्लेटो. इंग्लंडात सुरुवात त्याआधीच झाली होती आणि ती करणाऱ्याला दर बॅरलमागे माल्टची किंमत वसूल करायची होती, म्हणून तिथे मोजणी बॅरलच्या वजनात गेली.

हॅम्पशायरमधल्या आल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉकने १७६० च्या दशकाच्या अखेरीस वडिलांच्या ब्रुअरीत मोजणीची उपकरणं वापरायला सुरुवात केली, तीही वडिलांच्या नजरेआड. वडिलांना असली यंत्रं नको होती. हात आणि जीभ पुरे, असं त्यांचं मत. बॅव्हरस्टॉक आपला हायड्रोमीटर घेऊन लंडनला सॅम्युअल व्हिटब्रेड यांच्याकडे गेला. इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींपैकी एकीचा मालक. त्यांनी त्याला घरी जाऊन धंद्याकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. साउथवर्कचे ब्रुअर हेन्री थ्रेल यांनी मात्र त्याचं ऐकून घेतलं. १७८४ मध्ये हल शहरच्या जॉन रिचर्डसन यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी आपल्या उपकरणाला सॅकरोमीटर म्हटलं आणि बॅरलमागे पाण्याहून किती पौंड जास्त, हे माप रुळवलं. माझ्या काउंटरवर लेबलमागे लिहिलेलं गणित तिथून आलेलं होतं. त्या गृहस्थांना रिचर्डसन हे नाव माहीत नव्हतं. त्यांनी ते आपल्या फोरमनकडून घेतलं होतं, फोरमनने त्याच्या फोरमनकडून.

त्या तरंगत्या नळीने काय बदललं ते सांगायला हवं. तोवर लंडनचं पोर्टर, म्हणजे तिथली काळसर बिअर, भुऱ्या माल्टचं होत असे, कारण भुरा माल्ट पोतं घेताना स्वस्त पडे. सॅकरोमीटर बुडवल्यावर कळलं, की फिक्या माल्टच्या तितक्याच बुशेलमधून कितीतरी जास्त गोडवा उतरतो. साखरेच्या धंद्यात आपण ज्याला उतारा म्हणतो, अगदी तेच. टनामागे भाव पाहायचा की उताऱ्यामागे, हा प्रश्न आमच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. ब्रुअर फिक्या माल्टकडे वळले. मग पोर्टर काळं राहीना. जळक्या साखरेने रंग देण्याचे प्रकार झाले, ते कायद्याने थांबवले, आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट कॉफीसारखा भाजून काळा करण्याचं पेटंट घेतलं. आजच्या स्टाउट या काळ्या बिअरचा रंगही अशाच भाजलेल्या धान्यातून येतो. एका मोजणीने पेयाचा रंग टिकवण्याची वेगळी तजवीज करायला लावली.

सरकारला हे सगळं उशिरा सुचलं. बिअरवर अबकारी कर १६४३ पासून होता, पण कडक बिअर आणि हलकी बिअर हा भेद बॅरलच्या किमतीवर ठरे. सहा शिलिंगांच्या वर किंमत असली की कडक. पुढे माल्टवर कर, हॉप्सवर कर, १८३० मध्ये बिअरवरचा कर रद्द, असं चालत आलं. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढला आणि कर थेट वर्टवर बसवला: १०५७ ग्रॅव्हिटीच्या, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या, ३६ गॅलनांना ६ शिलिंग ३ पेन्स. १८८९ मध्ये ते प्रमाण १०५५ केलं. ब्रुअरने धान्य, साखर, काहीही वापरावं. अधिकारी वर्टच्या टाकीत सॅकरोमीटर बुडवणार आणि वहीत आकडा लिहिणार. यीस्टने त्या साखरेची दारू करायच्या आधीच कराची नोंद झालेली असे. म्हणून इंग्लंडात बिअरचा जोर सांगताना शंभर वर्षं ‘ओरिजिनल ग्रॅव्हिटी’, म्हणजे आंबण्याआधीच्या वर्टची ग्रॅव्हिटी, सांगितली गेली. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला सरकारने हेच माप धरलं. युद्धाआधी १०५० च्या वर असलेली सरासरी १९१८ मध्ये १०३० च्या आसपास उतरली.

पण घरी बिअर करणाऱ्याकडे अधिकारी येत नाही. पहिली नोंद त्याने स्वतः घ्यायची असते, आणि ती राहून जाते. माझ्या काउंटरवरची सर्वांत नेहमीची तक्रार हीच: बिअर झाली, छान झाली, पण यीस्ट टाकण्याआधी मोजायचं राहिलं, आता कसं कळणार? हायड्रोमीटर आता १००८ दाखवतो. तो १०३९ वरून उतरला की १०५० वरून, हे नळीला ठाऊक नाही. शिवाय १००८ हा आकडाही पुरता खरा नाही. उरलेली साखर नळीला वर ढकलते, तयार झालेली दारू पाण्याहून हलकी असल्याने तिला खाली ओढते. दोघींची ओढाताण एका आकड्यात लपलेली असते.

हा प्रश्न मला नवा नव्हता, फक्त उलट्या बाजूने भेटला होता. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला प्रूफ स्पिरिटची गणितं असायची. अल्कोहोलच्या टक्केवारीला १.७५३ ने गुणायचं आणि त्यातून १०० वजा करायचे. उत्तर धन आलं तर ओव्हर प्रूफ, ऋण आलं तर अंडर प्रूफ. ५१ अंश फॅरनहाइटला समान आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ वजनाचं ते प्रूफ स्पिरिट, ही व्याख्या बार्थोलोम्यू साइक्स यांच्या हायड्रोमीटरसोबत इंग्लंडच्या कायद्यात आली आणि इंग्रजांबरोबर आमच्या अबकारी खात्यात. महाराष्ट्रातल्या दुकानातली व्हिस्कीची बाटली उचलली तर अजून ४२.८ टक्के, ७५ प्रूफ, २५ यूपी असं दिसतं. १.७५३ ने गुणून पाहा, बरोबर येतं. टिंक्चरवर कर लागायचा तोही प्रूफ लिटरमध्ये. व्हिस्कीत पाणी आणि अल्कोहोल, तिसरं जवळजवळ काही नाही, म्हणून साइक्सची नळी एकदा बुडवली की काम झालं. बिअरमध्ये तिसरा गडी साखरेचा.

हे कोडं इंग्लंडच्या सरकारला बंदरावर पडलं होतं आणि त्यात आपला हिंदुस्थान होता. बर्टनची फिकी बिअर १८२० च्या दशकापासून, सॅम्युअल ऑल्सॉप यांनी सुरुवात केल्यावर, पिंपांतून कलकत्त्याला आणि मुंबईला जाऊ लागली. परदेशी जाणाऱ्या बिअरवर माल्टचा कर परत मिळे. किती परत द्यायचा, हे मूळ वर्ट किती जाड होता त्यावर. पण धक्क्यावर उभ्या पिंपात आता वर्ट नव्हता, आंबून तयार झालेली बिअर होती. ब्रुअर सांगेल तो आकडा मानायचा का? सरकारने तीन रसायनज्ञांना विचारलं: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे थॉमस ग्रॅहम, ऑगस्ट हॉफमन आणि थिओफिलस रेडवुड. १८५२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. रेडवुड फार्मास्युटिकल सोसायटीच्या शाळेत शिकवत. हे वाचलं त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटले, की बिअरचा मागचा हिशेब लावणाऱ्यांत एक फार्मसीवाला होता.

त्यांची पद्धत अशी. बिअर मोजून घ्या. उकळून तिच्यातली दारू उडवा. थंड करा, गमावलेलं पाणी परत घालून मूळ आकारमान करा. आता पात्रात उरली ती न आंबलेली साखर आणि इतर घनभाग, खाली ओढणारी दारू गेली. १००८ ची बिअर आता १०१४ दाखवते. हे ६ अंश दारूने लपवले होते. तिघांनी ज्ञात वर्ट आंबवून, पुन्हा पुन्हा मोजून, तक्ता तयार केला: दारूने इतके अंश लपवले असतील तर आंबताना मूळ वर्टचे इतके अंश हरवले. ६ अंशांसमोर साधारण २५. उरलेले १४ आणि हरवलेले २५ मिळून ३९. बिअर मागे चालत आपल्या सुरुवातीपाशी पोहोचली. मी ही पद्धत दुकानामागच्या खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर पहिल्यांदा केली तेव्हा लॅबमधले अण्णा आठवले आणि हात थरथरत होता. पहिली नोंद हरवलेल्या माणसालाही उत्तर मिळू शकतं, हे त्या दिवशी कळलं.

नोंद न हरवलेल्यांसाठी पुस्तकांतला हिशेब सोपा होता. एक पौंड साखर विरघळवून गॅलनभर द्रावण केलं की ग्रॅव्हिटी ३७ अंश वाढते. एक पौंड माल्ट अर्काने सुमारे ३०. चार पौंडांच्या डब्याचे १२०, दोन पौंड साखरेचे ७४, एकूण १९४. पाच गॅलनांत, म्हणजे चाळीस पाइंटांत वाटले की ३९. शेवटी १००८ उरली तर मधले ३१ अंश, ७.३६ ने भागले की ४.२ टक्के. एकदा एक तरुण डबा कमजोर निघाला म्हणून रिकामा डबा घेऊन भांडायला आला. विचारता विचारता कळलं, की त्याने बादली काठोकाठ भरली होती, सहा गॅलन. मग १९४ सहांत वाटले गेले, ३२. आणि बिअर साडेतीन टक्क्यांच्याही खाली. मी त्याच्यासमोर लेबलमागे हे लिहिलं. तो हायड्रोमीटर घेऊन गेला आणि पुढे माझ्यापेक्षा काटेकोर झाला. तापमानाची दुरुस्तीही तो करायचा. नळ्या १५.५ अंश सेल्सियसला बेतलेल्या असत. २५ अंशांना वर्ट पातळ होऊन दोन अंश कमी दिसतो, ते मिळवायचे.

अंदाज आणि मोजणी यांतला फरक मी स्वतः एकदा जखमेने शिकले. १९७७ च्या हिवाळ्यात मी घरी पहिली खेप केली. डब्यावर लिहिलं होतं तितके दिवस झाले, फेस बसला, हायड्रोमीटर १०१८ वर थांबला. मी मानलं, काम झालं. खरं तर जिन्याखालचं कपाट थंड होतं आणि यीस्ट गारठलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं मी टाळलं. बाटल्या भरल्या, प्रत्येकीत रीतीप्रमाणे अर्धा चमचा साखर. मार्चमध्ये ऊन पडलं आणि यीस्ट जागं झालं. उरलेले दहा अंश बंद बाटलीत आंबले. ग्रॅव्हिटीचा एक अंश आंबला की बाटलीतल्या बिअरच्या निम्म्या आकारमानाचा वायू तयार होतो. दहा अंशांचे पाच पट. बिअरच्या बाटलीत अडीच पट असला की पुरे. तीन बाटल्या फुटल्या, एका काचेने माझ्या मनगटावर खूण ठेवली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगत आले, की दिवस मोजू नका, नळी मोजा. सलग तीन दिवस तोच आकडा आला तर बाटल्या भरा.

सलग तीनदा का, दोनदा का नाही? हा प्रश्न मला एका शाळकरी मुलाने विचारला, वडिलांसोबत आला होता. त्याचं खरं उत्तरही बिअरच्या घरातूनच आलेलं आहे. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत केमिस्ट होते. माल्टचा नमुना किती वेळा तपासला म्हणजे उताऱ्याच्या आकड्यावर विसंबता येईल, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न. नमुने थोडेच मिळणार, आणि थोड्या नमुन्यांवर जुनं संख्याशास्त्र लागू पडत नव्हतं. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या नावाने त्यावर निबंध छापला. जगभरच्या विद्यापीठांत, पुण्या-मुंबईतही, जी ‘टी’ चाचणी शिकवतात ती तिथली. मी ती परीक्षेसाठी पाठ केली होती. ती बिअरपाशी जन्मली हे बर्टनला आल्यावर समजलं. त्या मुलाला मी इतकंच सांगितलं, की एक मोजणी ही बातमी आहे, खात्री नाही.

१ जून १९९३ ला इंग्लंडात बिअरचा कर वर्टवरून उठला आणि तयार बिअरमधल्या अल्कोहोलच्या टक्क्यांवर गेला. वर्टच्या टाकीपाशी सॅकरोमीटर घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याचं काम संपलं. बाटल्यांवर टक्के आधीच आले होते. आता ओरिजिनल ग्रॅव्हिटी बोलण्यातूनही गेली.

त्यानंतरच्या वर्षी ब्रुअरीतले ते निवृत्त गृहस्थ आमच्या घरी आले, हातात एक विकत घेतलेली बाटली. वय ऐंशीच्या पुढे. “डक, ही किती पौंडांची?” बाटलीवर ४.४ टक्के छापलेलं. मी सांगितलं, एवढ्यावरून कळत नाही. दारू किती हे लिहिलंय, साखर किती उरली हे लिहिलेलं नाही. एक घोट घेऊन ते म्हणाले, “सोळा.”

मी बिअर दोन भांड्यांत खालीवर ओतून वायू घालवला आणि नळी सोडली. १०१०. दोनशे मिलिलिटर मोजून गॅसवर ठेवली, निम्मी होईपर्यंत उकळली, गार केली, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा दोनशे केली. १०१६ आणि वर किंचित. ग्रंथालयातल्या पुस्तकातून उतरवून घेतलेला तक्ता काढला. उरलेले १६, हरवलेले २७, मिळून ४३. ४३ ला ०.३६ ने गुणलं: साडेपंधरा.

त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि गुणाकार स्वतः पुन्हा केला. मग नळीकडे बोट दाखवलं. या काचेवर अर्धा अंश तू डोळ्याने ठरवलास, आणि इथला अर्धा अंश तक्त्यात गेला की दोन अंश होतो, म्हणजे पाऊण पौंड. बाटलीत अजून आहे ना?

होती. मी भांडं धुतलं, दुसरे दोनशे मिलिलिटर मोजले आणि गॅस पुन्हा पेटवला.